मागून बघ, इफे

इफे, आज रविवार. सव्वानऊला मी सवयीने दाराचं लॉक काढून ठेवलं आणि दोन कप चहा टाकला. मग लक्षात आलं. दोन्ही कप मीच प्यायले, आता छातीत जळजळतंय. तू असतीस तर म्हणाली असतीस, मामा मीनल, ही तुझ्या हावरटपणाची शिक्षा.

तू गेल्यानंतरचा हा तिसरा रविवार. काल चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांनी तुला निरोप दिला आणि उद्या तुझा मुलगा ओबी तुला विमानाने गावी नेणार आहे. तुझ्या नवऱ्याच्या, पापा ओबींच्या शेजारी तुझी जागा आहे म्हणे, तू कधीची ठरवून ठेवलेली. काल हॉलमध्ये मी जे केलं ते तुझ्या चर्चमधल्या बायकांनी पाहिलं, पण का केलं ते एकीलाही ठाऊक नाही. तेही सांगणार आहे, पण आधी बाकीचं.

हे मी मराठीत लिहितेय. तुला यातलं अक्षरही कळणार नाही, मला माहीत आहे. पण आठ वर्षं मी तुझ्याशी इंग्रजीत बोलले, आणि इंग्रजीत मला धड भांडता येत नाही, धड माफीही मागता येत नाही. सॉरी म्हणायचं आणि पुढे सरकायचं, ग्रोसरी कार्टचा धक्का लागल्यासारखं. आता घाई कसली आहे? ऐक.

आपली पहिली भेट आठवते? आठवत नसेल असं होणारच नाही, तू ती गोष्ट अख्ख्या स्कारबरोला सांगितलीस. आमचे हे जाऊन वर्ष झालं होतं. घर विकून मी ह्या बिल्डिंगमध्ये अकराव्या मजल्यावर राहायला आले होते, मुलगी मीनल व्हॅन्कूव्हरला, आणि दिवसभरात मी बोलायचे ती फक्त लिफ्टमध्ये. गुड मॉर्निंग, कोल्ड टुडे. संपलं. त्या रविवारी लिफ्टमध्ये तू माझ्यापुढे उभी होतीस. केवढी उंच आणि केवढी ऐसपैस! अंगात लेसचा ब्लाउज, कमरेला जांभळं जरीचं कापड, डोक्यावर त्याच रंगाचा भलाथोरला हेडटाय, आमच्याकडच्या लग्नातल्या फेट्यांनी लाजावं असा. आणि मागे बघते तर काय! वरच्या कापडाखाली चांगलं वीतभर दुसरं कापड दिसतंय.

माझा जीव खालीवर झाला. आमच्याकडे बाई ओळखीची असो नसो, तिचा परकर दिसला की दुसरी बाई जवळ जाऊन सांगणारच. आणि ही एवढी नटूनथटून निघालेली. मला इंग्रजीत वाक्य जुळेना. मग मी सरळ वाकले, वरचं कापड दोन्ही हातांनी धरलं आणि खाली ओढलं. गाठच सुटली.

"मॅडम! व्हॉट आर यू डूइंग टू मी?" तू दोन्ही हातांनी कंबर आवळून ओरडलीस.

"पेटीकोट," मी म्हटलं. "युअर पेटीकोट इज शोइंग."

तेवढ्यात लॉबी आली, दार उघडलं, समोर चार माणसं. तू कोपराने बटण दाबून दार बंद केलंस आणि आपण दोघी परत अकराव्या मजल्यावर. वर येईपर्यंत तू हसून हसून भिंतीला टेकली होतीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

माझ्या हॉलमध्ये उभी राहून तू ते सगळं पुन्हा नेसलीस आणि मला शाळेतल्या बाईंसारखं समजावलंस. गावी तू खरोखरच बाई होतीस, भूगोल शिकवायचीस, हे मला मागून कळलं. हा पेटीकोट नाही, तू म्हणालीस. हा दुसरा रॅपर. आमच्या इग्बो लोकांत लग्न न झालेली मुलगी एक रॅपर नेसते. मी बायको आहे, आई आहे, मी दोन नेसते. खालचा घोट्यापर्यंत, वरचा त्याहून आखूड, आणि खालचा दिसायलाच हवा. दिसला नाही तर लोकांना कळणार कसं, की ही बाई कुणीतरी आहे?

मग जाता जाता पाठमोरी झालीस आणि म्हणालीस, "सी माय बॅक." पापा ओबींची रविवारी सकाळची ड्यूटी, ओबी एडमंटनला. घरात आरसा होता, पण आरशात आपली पाठ दिसत नाही. हेडटायची मागची घडी डावीकडे कलंडलेली होती. ती मी नीट केली, खालचा काठ सरळ केला. पुढच्या रविवारी सव्वानऊला दार वाजलं, आणि मग वाजतच राहिलं.

मला ते आवडायचं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. माझ्याकडेही पाठ बघणारं कुणी नव्हतं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला साडी नेसले की मी तुझं दार वाजवायची, आणि तू एवढी अवाढव्य बाई गुडघे टेकून माझ्या निऱ्या ओढायचीस. सहा वार कापड आणि एकही गाठ नाही, नुसतं खोचलेलं, हे तुला कधी पटलंच नाही. "एक दिवस हे सगळं सुटेल, आणि मी तिथे नसेन," म्हणायचीस. आणि तुझी ती हाक. तुमच्यात आईबापांना मुलाच्या नावाने हाक मारतात, म्हणून ते पापा ओबी, आणि मीनलची आई म्हणून मी मामा मीनल. हे मला सुधे म्हणायचे. ते गेले तसं मला नावाने हाक मारणारं ह्या शहरात कुणी राहिलं नव्हतं, बँकेतल्या मशिनने छापलेल्या पत्राशिवाय.

पण आपण भांडलोही किती! जॉर्जवरून भांडलो ते तर अजून अर्धंच आहे.

मी सोलापूरची. वडील मिलमध्ये आणि घरी पडवीत माग. इथेही मॉलमध्ये बावीस वर्षं अल्टरेशन केलं, लोकांच्या पँटी आखूड केल्या. कापड चिमटीत धरलं की मला त्याचं गाव कळतं, असा माझा तोरा. तू तुझं सगळ्यात भारी कापड मला दाखवायला आणलंस, जे तुमच्यात लग्नाला, मोठ्या कार्याला नेसतात. त्याला जॉर्ज म्हणायचं. मी काठ चिमटीत धरला आणि माझ्या अंगावर काटा आला. उलटा करून बघितला. कोपऱ्यात पुसटसा शिक्का: मद्रास.

"अगं, हे तर आमचं!" मी ओरडले. "ही तर साडी आहे, अर्धी कापलेली! तुम्ही आमचं कापड नेसता आणि परंपरा म्हणता?"

तुझा चेहरा पडला. पण तू भूगोलाची बाई, गप्प कशी बसशील. तू विचारलंस, परवा तुझी चतुर्थी होती, काय खाल्लंस?

"साबुदाण्याची खिचडी."

"त्यात काय काय?"

"साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट, हिरवी मिरची." इथे मी फसले.

"कसावा, पोटॅटो, ग्राउंडनट, पेपर," तू बोटांवर मोजत गेलीस. "चारही अमेरिकेतून आले. पोर्तुगीजांच्या जहाजांतून. तुझ्या देवाला चालतात ना उपासाला? मग माझ्या आजीला मद्रासचं कापड का नाही चालणार?"

मी हरले, पण कबूल केलं नाही. तू म्हणालीस, कापड विणलं कुठे हे महत्त्वाचं नाही, ते कुणी कुणाला नेसवलं हे बघ. हे माझ्या आईने ट्रंकेत ठेवलं होतं, माझ्या लग्नात मला नेसवलं, गळ्यात पोवळ्याच्या माळा घातल्या, हातात ताडीचा पेला दिला, आणि भरल्या मांडवात माझा नवरा शोधून त्याला पाजायला सांगितला. मी म्हटलं, पोवळं आमच्यातही असतं, मंगळ शांत करायला बोटात एक खडा घालतात. तू माझी अंगठी बघितलीस. "एक? एवढासा? आमच्या माळांनी मंगळ काय, नवरासुद्धा शांत होतो."

तो वाद तिथेच राहिला. मला अजूनही वाटतं, मद्रासकडच्या त्या विणकराला कुणीतरी सांगायला हवं होतं की बाबा, तुझं कापड कुठल्या नवरीच्या अंगावर पडतं. यावर तुझं उत्तर काय असतं ते आता कळायचं नाही.

पापा ओबींच्या दोन टोप्या माझ्या डोळ्यांसमोर आहेत. एक दाराजवळच्या हुकाला, एटोबिकोच्या वेअरहाऊसमधली, सिक्युरिटी गार्डची. दुसरी लाल, कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात, गोल डब्यात, गरुडाच्या पिसासकट. गावी त्यांना मानाची पदवी होती. वर्षातून एकदा, ऑगस्टमध्ये तुमचा सुरणासारख्या नव्या कंदाचा सण झाला की ते ती टोपी घालायचे, अंगात मखमलीचा झब्बा, त्यावर सोनेरी बिबळ्याची तोंडं, हातात काठी. लिफ्टमधून तो माणूस बाहेर पडला की लॉबीतली माणसं आपोआप बाजूला व्हायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा गार्डची टोपी घालून सकाळची बस.

मी एकदा त्यांना सांगितलं, आमच्या मंडळातही मानाची पगडी आहे. एकच आहे, खोक्यात ठेवलेली, सत्कार कुणाचाही असो तीच घालतात. फोटो झाला की परत खोक्यात. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "तो अधिकार कुणाकडे असतो?" मी म्हटलं, ट्रेझररकडे. तू हसत सुटलीस, ते मात्र हसले नाहीत. त्यांना वाईट वाटलं असावं आमच्यासाठी. ते गेले तेव्हा लाल टोपी त्यांच्याबरोबरच गावी गेली. झब्बा ओबीला मिळाला. टोपी मिळाली नाही, ती बापाची म्हणून मुलाच्या डोक्यावर चढत नाही म्हणालीस. ती त्याची त्याने मिळवायची.

मग तुझं वर्ष सुरू झालं. काळा झगा, काळा रुमाल, अंगावर एक मणी नाही. नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला जाताना युनिफॉर्म, आणि घरी आलीस की पुन्हा काळं. रविवारी सव्वानऊला तू तरीही यायचीस. बघण्यासारखं मागे काही नसायचं, तरी मी बघायची. आणि वर्ष भरलं त्या शनिवारी तुझ्या मैत्रिणीच्या बॅकयार्डमध्ये तुम्ही ते काळे कपडे बार्बेक्यूवर जाळलेत! गावी अंगणात जाळतात, इथे फायर डिपार्टमेंट येईल म्हणून बार्बेक्यू. झाकण लावून चार बायका त्याभोवती गाणी म्हणतायत आणि मी हातात पोटॅटो सॅलडची प्लेट घेऊन उभी, हसावं की रडावं मला कळेना. मग तू आत गेलीस आणि जॉर्जचे दोन रॅपर नेसून, पोवळी घालून बाहेर आलीस. सगळ्या बायकांनी तुला मिठ्या मारल्या. एकजण म्हणाली, "शी हॅज कम आउट." तू नाचलीस, इफे. आणि नाचताना रडलीस.

मी घरी आल्यावर वॉशरूममध्ये बराच वेळ उभी होते. माझ्या अंगात राखाडी स्वेटर होता आणि राखाडी साडी. मला तोवर ते दिसलंच नव्हतं.

तुला मात्र दिसलं होतं. पुढच्याच आठवड्यात तू बॅग घेऊन आलीस. "मामा मीनल, तुझं कधी संपलं?"

"आमच्यात तेराव्या दिवशी संपतं," मी म्हटलं.

"मग पाच वर्षं हा सिमेंटचा रंग कशाला?"

काय सांगू? मला कुणी काही सांगितलं नव्हतं. सासू नव्हती, नणंदा भारतात. मीनल म्हणाली, आई, वेअर व्हॉटेव्हर यू लाइक. मंडळातल्या बायका चांगल्या आहेत, हळदीकुंकवाचं आमंत्रण मलाही येतं, कुंकूही लावतात. मीच आपली किचनमध्ये जाऊन बसते, तिळगुळाच्या वाट्या भरत. माझ्या साड्या पलंगाखाली बॅगेत, डाळिंबी पैठणी, हिरवं इरकल. मला कुणी बंदी घातलीच नाही, मग उठवणार कोण? हे आज सुचतंय. तेव्हा सुचलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

तू बॅगेतून कापड काढलंस. जॉर्ज, दोन रॅपरचं, राणी कलरचं. राणी कलर! साठी उलटलेल्या बाईला! पुढच्या शनिवारी बायकांना बोलावते म्हणालीस, तुझा राखाडी स्वेटर आणि साडी बार्बेक्यूवर, आणि तू हे नेसून बाहेर यायचं.

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "नवरा मेल्याचा सण तुमच्यात करतात. आमच्यात नाही करत."

इफे, हे वाक्य मी इंग्रजीत फार चांगलं बोलले. एकही चूक नाही.

तू कापडाची घडी न घालता तशीच उठलीस. मी ते ग्रोसरीच्या पिशवीत कोंबलं आणि संध्याकाळी तुझ्या दाराच्या मुठीला अडकवून आले. बेलसुद्धा वाजवली नाही. दिलेलं कापड परत करणं म्हणजे तुमच्यात काय होतं, ते मला तुझ्या मैत्रिणीने पुढे सांगितलं. तू माणूस म्हणून मला नको आहेस, असं होतं.

पाच रविवार दार वाजलं नाही. मी सव्वानऊला टीव्ही मोठा करून बसायची, वाट बघत नाही असं स्वतःला दाखवायला. तू चर्चला जाताना लिफ्टची घंटा ऐकू यायची. हेडटायची ती घडी डावीकडे कलंडली असणार, या विचाराने मला बसवत नसे. पण उठलेही नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

सहाव्या रविवारी बेल वाजली. दार उघडलं तर समोर तुझी पाठ. तू कॉरिडॉरकडे तोंड करून उभी होतीस, वळलीसही नाहीस, बोललीसही नाहीस. घडी डावीकडे कलंडलेली होतीच. मी ती उचलून दुमडली, खालचा काठ सरळ केला, आणि तुझ्या पाठीवर थोपटलं. तू तशीच पुढे निघून गेलीस. पुढच्या रविवारी नेहमीसारखी आलीस, चहा प्यायलीस, मॅनेजमेंटच्या नावाने बोटं मोडलीस. राणी कलरच्या कापडाचं नाव तूही काढलं नाहीस, मीही नाही. चार वर्षं! मी दर रविवारी ठरवायची, आज विचारू, ते कापड आहे का गं अजून. आणि मग तू बिस्किट बुडवायचीस आणि दुसराच विषय निघायचा.

तू गेलीस त्या शनिवारी मी मंडळात होते. संक्रांतीचं हळदीकुंकू. किचनमध्ये वाट्या भरत होते. इथे ॲम्ब्युलन्स आली, तुला नेलं, आणि मी तिकडे वाट्यांत चमच्या-चमच्याने हलवा घालतेय. घरी आले तर लॉबीत सुपरिंटेंडंट म्हणाला, युअर फ्रेंड. एवढंच म्हणाला. मी अजून कोटही काढला नव्हता. आपण काही एकमेकींच्या कागदोपत्री कुणी नव्हतो, त्यामुळे हॉस्पिटलमधून मला फोन येण्याचा प्रश्नच नव्हता. तुझ्या दारासमोरच्या पायपुसण्यावर बूट ठेवले होतेस ते तसेच होते, रस्त्यात बर्फावर टाकलेल्या मिठाचे पांढरे डाग पडलेले. मी ते आत आणून पुसले. का पुसले, विचारू नकोस.

गेल्या गुरुवारी ओबी तुझं घर आवरताना माझ्याकडे आला. हातात तीच ग्रोसरीची पिशवी. "ऑन्टी, मॉमने यावर तुमचं नाव लिहिलंय." आत राणी कलरचे दोन रॅपर, आता नीट घडी घालून ठेवलेले, आणि वर चिठ्ठी. तुझं ते फळ्यावरचं गोल गोल अक्षर. मामा मीनल. दोन नेसायचे. एक नव्हे. पिना लावायच्या नाहीत.

तुला माहीत होतं तर मग! की मी पिना लावीन.

मीनलला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, आर यू शुअर? लोक ऑफेंड होतील. इट्स देअर कल्चर." मी म्हटलं, तिने दिलंय, मी एकदा परत केलंय. पुन्हा परत करायला आता दार कुठे आहे? ती म्हणाली, ओके, सेंड मी अ पिक्चर.

शुक्रवारी दुपारभर मी नेसत होते. खालचा बसला. वरचा काही केल्या बसेना. चाळीस वर्षांची निऱ्या घालायची सवय, बोटं आपोआप निऱ्या घालायला लागायची. सोडलं, पुन्हा नेसलं. तू म्हणायचीस तसं श्वास आत घेऊन आवळलं, खोचलं, काठ दुमडून कमरेशी गाठ मारली. पुढून बरं दिसलं. मागून कसं दिसतंय हे काही मला कळेना. हातात छोटा आरसा घेऊन वॉशरूमच्या आरशाकडे पाठ करून बघितलं, तर आरशात माझा चष्मा आणि बाथरूमचा दिवा. मी टबाच्या कडेवर बसून रडले, इफे. दोन्ही रॅपर नेसून. एवढ्या मोठ्या शहरात पाठ बघायला एक माणूस नाही.

काल सकाळी निघाले. वर कोट घातला नाही, म्हटलं गाडीपर्यंत जायचंय, गारठले तर गारठले. लिफ्टमध्ये ती आठव्या मजल्यावरची प्राजक्ता शिरली, पुण्याची, नवरा आयटीत, आत्ताच आलेत. ओळख हसण्यापुरतीच. ती माझ्यामागे उभी. तिसऱ्या मजल्यापर्यंत तिने कळ काढली असेल. मग माझ्या कानाशी, "काकू... परकर दिसतोय." आणि मी तोंड उघडायच्या आत खाली वाकून वरचा रॅपर ओढला.

गाठ सुटली.

मी एवढ्या मोठ्याने हसले की ती पोरगी घाबरली. "सॉरी काकू, सॉरी, मला वाटलं..." लॉबीत खांबाआड उभी राहून मी पुन्हा नेसले आणि तिला सांगत गेले. परकर नाही गं. दुसरा रॅपर. मुलगी एक नेसते, बाई दोन नेसते. वरचा आखूड. खालचा दिसायलाच हवा. ती डोळे मोठे करून ऐकत होती. नेसून झालं आणि माझ्या तोंडून गेलं, "मागून बघ जरा." तिने वाकून काठ सरळ केला. म्हणाली, "मस्त दिसतंय काकू." बरं वाटलं. पण मला ते तिच्याकडून ऐकायचं नव्हतं.

हॉलमध्ये तुझ्या चर्चच्या महिला संघाच्या सगळ्या बायका आकाशी निळ्या कापडात, एकसारख्या, आणि मी एकटी राणी कलरची. दारातच त्या बार्बेक्यूवाल्या मैत्रिणीने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. आता ही बोलणार, मी धरून चालले. तिने फक्त माझा हात धरला आणि मला रांगेत तिच्यापुढे उभं केलं. म्हणाली, "सो. यू केम आउट."

मग शवपेटीपाशी माझी पाळी आली. तुला त्यांनी जॉर्ज नेसवलं होतं, पोवळी घातली होती, हेडटाय बांधला होता. छान बांधला होता, पण मागची घडी उशीत दबलेली. ती कलंडलीय की नाही हे बघायची काही सोय नव्हती. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. सॉरी म्हणायला आले होते, ते इंग्रजीत तोंडाशी आलं, आणि मला ते म्हणायचंच नव्हतं.

म्हणून मी वळले. तुझ्याकडे पाठ केली आणि उभी राहिले, तू सहाव्या रविवारी माझ्या दारात उभी राहिलीस तशी. समोर शंभरेक माणसं, ओबी, पाद्री, सगळे माझ्याकडे बघत होते. मी कुणाकडे बघितलं नाही. मनात म्हटलं, बघ. दोन आहेत. पिना नाहीत. खालचा दिसतोय.

तुला बघायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ मी थांबले. मग मागे बाकीच्या बायका खोळंबल्या होत्या, म्हणून बाजूला झाले.